जावयाची बोय
सत्तर सालाच्या सुमाराला आमच्या उत्तनच्या किनाऱ्यावर मासळी कमी व्हायला लागली, तेव्हा गावाची बैठक बसली. माझ्या वडिलांना गावात मान होता. त्यांनी सुचवलं की, ज्या खडकांपाशी मासे अंडी घालतात तिथे काही महिने कुणी फिरकायचंच नाही. पुरुषांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मागून माझी विधवा मावशी उठली. त्याच खडकांना चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं काढून विकण्यावर तिचं घर चालायचं.

"मासा वाढंल, पन तवर आमी काय खावं? तुमची भाषणं?"

हशा पिकला, पण प्रश्न खरा होता. शेवटी ठरलं की जाळं कुणीच टाकायचं नाही, बायकांनी हाताने कालवं काढायची आणि राखणही त्यांनीच करायची.

पंधरा दिवसांनी माझा नवरा लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आला. जावयाला ताजी बोय मासळी खाऊ घालायची म्हणून वडील सकाळीच जाळं घेऊन खडकांकडे गेले. मावशी तिथे कालवं काढत बसलेलीच होती.

"एकच बोय गं, जावयासाठी," वडील म्हणाले.

"भावजी, जावई तुमचा हाय, मासा गावाचा हाय!"

तिने जाळं काढून घेतलं आणि कालवांची टोपली त्यांच्या डोक्यावर ठेवली. ती घेऊन वडील भर गल्लीतून घरी आले. नवऱ्याने कालवं दोनदा मागून खाल्ली. पुढच्या बैठकीत वडिलांनी स्वतःच ही फजिती सांगितली, आणि त्या वर्षी तिथे एकही जाळं पडलं नाही.