जेवणाच्या सुट्टीत बंद राहणारी लॅब

आमच्या विभागाच्या संगणक लॅबवर जे गृहस्थ बत्तीस वर्षं होते, त्यांना सगळे किल्लेदार म्हणायचे. आडनाव वेगळंच होतं, पण कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा लटकवून फिरणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? त्यांना हे नाव कळलं होतं आणि त्यात मान वाटत होता, हे त्याहून वाईट.

मी त्याच विभागात संख्याशास्त्र शिकवते. लॅबमध्ये चाळीस संगणक होते, पण चालू कायम एकोणतीसच. उरलेले अकरा ज्या प्लास्टिकमध्ये आले त्याच प्लास्टिकमध्ये जुने झाले. ‘पोरं खराब करतात,’ हे किल्लेदारांचं म्हणणं. चपला बाहेर, पिशव्या बाहेर, आणि जमलं असतं तर त्यांनी पोरंही बाहेरच ठेवली असती. घरीही तोच खाक्या. त्यांच्या पत्नी मला एकदा म्हणाल्या होत्या, की आमच्याकडे पाहुण्यांसाठीचे कप आहेत, पण ते वापरता येतील असा पाहुणा अजून जन्माला यायचाय.

मग विद्यापीठाने व्हर्च्युअल लॅब आणली. गोष्ट साधी होती. मुख्य इमारतीत मोठे सर्व्हर बसवले, आणि विद्यार्थ्याने घरातल्या कसल्याही खटारा लॅपटॉपवरून पासवर्ड टाकला, की तिथला एक ताकदवान संगणक त्याच्या पडद्यावर उघडायचा. आम्हाला लागणारी महागडी सॉफ्टवेअर त्यात आधीच भरलेली. नोकरी करून शिकणाऱ्यांना, लांब राहणाऱ्यांना लॅबचं तोंड बघायची गरज उरली नव्हती. इंजिनिअर दोन दिवसांत सगळं बसवून गेले आणि जाताना कारभार कोणाकडे सोपवला? किल्लेदारांकडे. आमच्या विभागप्रमुखांना दुसरं नावच सुचलं नाही. त्यांना सहसा काहीच सुचत नाही.

मला वाटलं, आता या माणसाचं काय काम उरलं? ज्या लॅबला दारच नाही तिला कुलूप कुठे घालणार? पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. कारभाराच्या स्क्रीनवर त्यांना ‘वेळापत्रक’ नावाचा एक कोपरा सापडला, आणि माणूस अक्षरशः उजळला. त्याच दुपारी नियमावली भिंतीवर लागली. व्हर्च्युअल लॅब सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच. दीड ते दोन जेवणाची सुट्टी. रविवारी बंद. एका वेळी उघडणाऱ्या चाळीस जागांपैकी दहा राखीव, म्हणजे झिजू नयेत म्हणून कोणालाच द्यायच्या नाहीत. पासवर्डसाठी दोन सह्यांचा अर्ज घेऊन स्वतः हजर राहायचं. म्हणजे ज्याला इथे यावं लागू नये म्हणून ही सोय केली, त्याने आधी इथे यायचं.

आम्ही प्राध्यापक चहाच्या वेळी यावर पोट धरून हसलो. हसण्यापलीकडे आम्ही काही केलं नाही, हेही सांगून टाकते.

त्या वर्षी माझ्याकडे प्रोजेक्टला एक बाई होत्या. वय पस्तिशीचं, डोळ्यांच्या दवाखान्यात कंपाउंडर, घरी सहावीतली मुलगी आणि अंथरुणाला खिळलेले सासरे. लग्नात सुटलेली पदवी पंधरा वर्षांनी पुरी करायला बसल्या होत्या. डॉक्टरांच्या परवानगीने त्यांनी जुन्या केसपेपरांतून चौदाशे शाळकरी मुलांचे चष्म्याचे नंबर उतरवून काढले होते. त्या वयात तो नंबर किती झपाट्याने वाढतो, ते त्यांना शोधायचं होतं. आमच्या पहिल्या बाकावरच्या हुशारांना असा विषय सात जन्मांत सुचला नसता.

त्यांची नोकरी नऊ ते सहा. मोकळा वेळ एकच, दवाखान्यातली एक ते दोनची सुट्टी. त्यांचं गणित सॉफ्टवेअरला पुरं करायला पन्नास मिनिटं लागायची. एक वाजता त्या औषधांच्या कपाटाशेजारी लॅपटॉप उघडून ते सुरू करायच्या. दीडला किल्लेदार डबा उघडायचे आणि चाळीसच्या चाळीस संगणक बंद व्हायचे. अर्धं झालेलं गणित पुसलं जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. दोन आठवडे त्या बाईंना वाटत होतं की आपलंच काहीतरी चुकतंय. सुट्टीचा नियम त्यांना शेवटी मी सांगितला.

अर्धा दिवस रजा टाकून त्या लॅबमध्ये आल्या. मीही बरोबर गेले. त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं आणि फक्त दीड ते दोनची अर्धा तास सवलत मागितली.

“ती जेवणाची वेळ आहे,” किल्लेदार म्हणाले.

“कोणाच्या जेवणाची, सर? कॉम्प्युटरच्या?”

“माझ्या. माझ्या माघारी लॅब उघडी टाकायची मला सवय नाही.”

“पण तिथे कोणी येत-जात नाही. मी दवाखान्यात बसलेली असते.”

“तेच तर. तुम्ही कुठे बसून काय करता, मला काय कळणार?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी विभागप्रमुखांना भेटते म्हटलं, आणि भेटलेही. ते म्हणाले की माणूस वर्षभरात रिटायर होतोय, कशाला दुखवायचं. एका म्हाताऱ्याचं मन राखायला दीडशे विद्यार्थ्यांचं वर्ष गेलं तरी त्यांची हरकत नव्हती. मी मान डोलावून बाहेर आले.

पुढच्याच महिन्यात किल्लेदारांच्या पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. त्यांना दहा दिवस रजा घ्यावी लागली आणि कारभार माझ्याकडे आला. पासवर्ड त्यांनी लाख लावून बंद केलेल्या पाकिटात दिला, त्यावर माझी सही घेऊन. मी स्क्रीन उघडली. वेळापत्रकाच्या चौकटीत एक खूण होती, ती काढली. राखीव जागांची दुसरी खूण, तीही काढली. पाकिटाची लाख फोडायला याहून जास्त वेळ लागला होता.

त्या दहा दिवसांत लॅब जवळजवळ तीनशे वेळा उघडली गेली. सकाळी सहाला, रविवारी, बसमधून, कुठूनही. काही झिजलं नाही, काही तुटलं नाही. बाईंनी दवाखान्यातून घरी गेल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मुलीच्या गृहपाठाच्या वह्या बाजूला सारून, आपलं गणित एकदा नव्हे, दोनदा पुरं केलं. आकडे जुळले, तसा त्यांचा मला फोन आला. त्यांनी माझे आभार मानले. ते ऐकताना मला लाज वाटली.

किल्लेदार परत आले आणि त्यांनी आधी वापराची यादी काढली.

“मॅडम, तुमच्या भरवशावर सोडली होती. रविवारी माणसं आत शिरलेली दिसतायत.”

सगळं सांगून टाकायची हीच वेळ होती. पण मी म्हणाले, “चुकून राहिलं असेल.” पाच मिनिटांत दोन्ही खुणा जागच्या जागी आल्या.

वर्षअखेरीस विद्यापीठाने सगळ्या विभागांचा आढावा घेतला. आमच्या लॅबबद्दल एकही तक्रार नव्हती, कारण तक्रारीचा फॉर्म लॅबच्या आतच उघडायचा. एकदाही बिघाड नव्हता, कारण वापर नव्हता. शिस्तबद्ध व्यवस्थापनाचं प्रशस्तिपत्र किल्लेदारांना मिळालं. विभागप्रमुखांनी भाषण केलं, आणि टाळ्या मीही वाजवल्या.

बाई प्रथम वर्गात पास झाल्या. निकालानंतर गुणपत्रिका हातात पडण्याआधी प्रत्येक ठिकाणची ‘येणे बाकी नाही’ अशी सही आणावी लागते. ग्रंथालय झालं, कार्यालय झालं, शेवटी लॅब. त्या दिवशी मी तिथेच होते. किल्लेदारांनी फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “लॅबमधलं काही तुमच्याकडे राहिलेलं नाही ना?”

“तुम्ही काही मिळूच दिलं नाहीत, तर राहणार काय?” बाई म्हणाल्या.

किल्लेदारांना यात टोमणा दिसलाच नाही. त्यांनी समाधानाने मान हलवली, रजिस्टर ओढून घेतलं, रकान्यात ‘काही राहिलेले नाही’ असं वळणदार अक्षरात लिहिलं आणि खाली तारखेसह सही ठोकली.