दिव्यावरची काच

तणनाशकाचा उग्र वास नाकात गेला, की मला आमच्या भोकरदनकडच्या गावातली एक घटस्थापना आठवते आणि आजही डोकं फिरतं. आमच्याकडे घटाला पहिली माळ तरवडाच्या पिवळ्या फुलांचीच लागते. काकूनं सकाळी चुलतभावाला फुलं आणायला धाडलं, तर हा सगळे बांध पालथे घालून दुपारी झेंडू घेऊन परत! "तरवड कुठंच राह्यला न्हाई," म्हणाला. राहील कसा? पोळा झाल्यावर यानंच पाठीवर पंप घेऊन बांध फवारला होता, शेजाऱ्यांनीही तेच केलं होतं. काकू झेंडूच ओवायला बसली. दिवेलागणीला तिनं सवयीनं अखंड दिव्यावर काच ठेवली, कारण दर नवरात्रात बांधावरच्या झाडोऱ्यात वाढलेले करडे, जाड अंगाचे पतंग येऊन वातीवर झेपावायचे. त्या संध्याकाळी काचेवर एकही आपटला नाही. "बरं झालं की ताई, किडे बी गेले," भाऊ हसला. मी भडकलेच. "अरे, तरवडासाठी निदान तू गावभर हिंडलास. या पतंगांना हुडकायला कोण जाणार?" "त्यांचं काय काम पडतं आपल्याला?" तो म्हणाला, अगदी मनापासून. यंदा त्यानं अंगणात कुंडीत एक तरवड लावलाय, माळेपुरता. बांध अजून फवारतोच. आणि काकूनं दिव्यावर काच ठेवणंच सोडून दिलंय.