कोंढ्याच्या बांधीत आठ ओळी

कोल्हापूरहून गोंदियाकडे जाणारी गाडी दुपारी सुटते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भंडारा रोडला पोचते. तेवढ्या वेळात माणूस चारदा चहा पितो, दोनदा जागेवरून भांडतो आणि एकदा तरी मनात म्हणतो, कशाला निघालो. मी तसं म्हटलं नाही, कारण माझ्या कानात वंदनाचा फोन घुमत होता.

"ताई, मी मशीन चालवून राहिलो. रोवण्याचं. परवा पयली बांधी हाय. तुमी या."

वंदनाचे यजमान फाउंड्रीत कामाला होते, तेव्हा सहा वर्षं ती आमच्या गल्लीत राहायची. मग सासऱ्यांच्या आजारपणात दोघं पवनी तालुक्यातल्या कोंढ्याला परत गेली. तिकडच्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही 'मी जातो, मी करतो' असंच म्हणतात. पहिल्या महिन्यात गल्लीत सगळे तिला हसायचे, पुढे कुणाच्या ते लक्षातही येईना. रोवणा म्हणजे भाताची लावणी आणि बांधी म्हणजे भाताचं खाचर, हे मात्र मी फोनवरच विचारून घेतलं.

भंडाऱ्याहून पवनीची बस धरली. खिडकीबाहेर जिकडे पाहावं तिकडे पाण्याने भरलेल्या बांध्या. आमच्याकडे ऊस एकदा वाढला की रस्त्यावरून काही दिसत नाही. इथे सगळं उघडं. आभाळ जमिनीवर चौकोन चौकोन करून पसरलेलं, मधून बगळे आपल्याच मालकीचं असल्यासारखे हिंडणारे. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "कोनाकडं चाललात, बाई?"

"कोंढ्याला. वंदनाकडे. मशीनवाली."

"हं. ते." एवढंच म्हणून त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. त्या 'ते'मध्ये काय होतं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

वंदना थांब्यावर उभी होती. होती तशीच बारीक, फक्त दंड पक्के झालेले. घरी पोचेपर्यंत तिने सगळी हकिगत सांगितली. बचत गटातल्या बारा जणींनी मिळून मशीन घेतलं होतं. प्रशिक्षणाला नाव द्यायला गेली, तर टेबलामागचा माणूस म्हणाला, चालवणाऱ्याचं नाव सांगा, घरातल्या माणसाचं.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हनलं, घरातलं मानूस मीच होय. लिवा."

त्याने लिहिलं. पस्तीस जणांत ती एकटी बाई होती. ती मशीन शिकून आली, पण गावात काम कुणी देईना. बाईच्या हाती बांधी दिली तर ओळी वाकड्या येतील, मशीन फसेल, हंगाम जाईल. शेवटी शामरावजी नावाचे एक शेतकरी एक बांधी द्यायला तयार झाले, तेही अटीवर. त्यांच्या तलावाजवळ तीन बांध्या होत्या. एक वंदनाला. ती सरळ आली तर बाकीच्या दोनही तिला, नाहीतर अड्याळकडच्या एका माणसाचं तसलंच मशीन त्यांनी सांगून ठेवलं होतं. तो माणूस दुपारी येणार होता.

"म्हणजे सकाळचं सगळं तुझ्यावर," मी म्हटलं.

"माह्यावर अन् देवावर," वंदना म्हणाली. "पन देवाचं प्रशिक्षन नाई झालेलं."

सकाळी तलावाच्या पाळीवरून (बांधावरून) आम्ही निघालो. मशीन आधीच धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उभं होतं: लाल, पातळ चाकांचं, मागे रोपांच्या चटया ठेवायला उतरता फळा, चालकाची एक खुर्ची आणि रोपं सरकवणाऱ्यासाठी मागे दोन. एका दमात आठ ओळी. ट्रेमध्ये वाढवलेली रोपं गालिच्यासारखी गुंडाळून आणली होती. मला तो गालिचा इतका आवडला की मी तो दोनदा उलगडला आणि गटातल्या बायकांनी दोनदा माझ्या हातातून काढून घेतला.

धुऱ्यावर पंधरा-वीस माणसं जमली होती. शामरावजी डोक्याला गमछा बांधून उकिडवे बसलेले. थोड्या अंतरावर आठ बायकांची टोळी, लुगडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. मशीन पोचत नाही ते कोपरे हाताने रोवायला शामरावजींनी त्यांना बोलावलं होतं. त्यांच्या पुढे सिंधूबाई, साठीच्या, कमरेत कायमच्या थोड्या वाकलेल्या. त्या मशीनकडे अशा बघत होत्या, जसं घरात आलेल्या सवतीकडे बघतात.

"मावशी, नमस्कार," मी म्हटलं.

"नमस्कार. तुमी शयरातून आलात, मशीन पायाले?"

"हो."

"पाहा. मंग आमालेही पाहून घ्या. पुढच्या साली दिसू का नाई सांगता येत नाई. आठ बायांची रोजी त्या एका खुर्चीत बसली हाय."

वंदनाने ते ऐकलं. तिने चप्पल काढली, मशीनला हात लावून कपाळाला लावला आणि खुर्चीत बसली.

पहिल्या आठ ओळी सुरेख आल्या. हिरवे टाके घातल्यासारखी रोपं पाण्यात उभी राहत गेली. मी टाळ्या वाजवल्या. एकटीनेच वाजवल्या, हे थोड्या वेळाने लक्षात आलं. वळण घेताना दुसरी फेरी जराशी तिरकी झाली. धुऱ्यावरून कुणीतरी खाकरलं. तिसऱ्या फेरीला बांधीच्या मधोमध पुढचं चाक खाली गेलं, मग मागचं, आणि मशीन म्हशीसारखं पोटावर बसलं.

"म्हनलं होतं," धुऱ्यावरून आवाज आला. दुसरा म्हणाला, "ट्रॅक्टर बलाव. ट्रॅक्टरवाला मानूस लागते याले."

वंदना खाली उतरली. मांडीपर्यंत चिखल. तिचा चेहरा पांढरा पडला होता. माझ्याच्याने राहवेना. साडी खोचली आणि मी बांधीत शिरले. दोन पावलं टाकली, तिसरं टाकायला पाय वर येईना. ओढला तेव्हा पाय आला आणि बाकीची मी गेले. बसूनच. चिखल कमरेपर्यंत. धुऱ्यावरची सगळी माणसं हसली, गटातल्या बायका हसल्या, आणि मला वाटतं त्या हसण्यानेच काहीतरी सैल झालं, कारण सिंधूबाई उठल्या.

त्या चिखलात अशा चालत आल्या, जसं आपण घरच्या ओसरीवर चालतो.

"वंदना, मले इचारलं काहून नाई तू? इथं झिरा हाय, खालून पानी येते. चाळीस साल झाले, मी इथं रोवतो. इथं बगळाही फसते."

"चुकलं, मावशी."

"आता ते रोपाचं ओझं उतरव. तनस आना."

तनस म्हणजे भाताचं वाळलेलं काड. आठ बायकांनी भारे आणले, सिंधूबाईंनी स्वतः हाताने चाकांखाली कोंबले. दोर बांधला. एका बाजूला गटाच्या बायका, एका बाजूला रोवणीच्या, मध्ये चिखलाची मूर्ती झालेली मी. ट्रॅक्टरची वाट बघायची का, असं शामरावजी विचारत होते, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. सिंधूबाईंनी हाळी दिली, आम्ही ओढलं, वंदनाने गिअर टाकला, आणि मशीन एक मोठा आवाज करून चिखलातून वर आलं. आम्ही सगळ्याजणी एकदम मागे पडलो, एकमेकींच्या अंगावर. बराच वेळ कुणाला उठताच येईना, हसण्यामुळे.

पुढे सिंधूबाई मशीनपुढे चालत राहिल्या. हात उंच करून दाखवायच्या, इकडून घे, तिकडून सोड. ओळी आता सुतात यायला लागल्या. मागच्या खुर्चीवर मला बसवलं. मी रोपांची एक चटई उलटी ठेवली आणि सात हात लांब मोकळी जागा पडली. मागून रोवणीच्या बायका मला नावं ठेवत ती भरत आल्या. आयुष्यात इतक्या लोकांनी एका वेळी मला नावं ठेवली नव्हती, आणि मी इतकी खूष कधी नव्हते.

जेवायच्या आत बांधी पुरी झाली. शामरावजींनी धुऱ्यावरून एक डोळा मिटून ओळी पाहिल्या. मग दुसरा मिटून पाहिल्या.

"सरळ हाय," ते म्हणाले. "बाकीच्या दोन घे मंग. पन भाडं जरा कमी लावजो. बाई हायेस, मानसाचा रेट कसा मांगशीन?"

वंदना चिखल पुसत होती. "शामरावजी, मशीन बाईनं चालवलं तं डिझेल कमी पेते का?"

धुऱ्यावर हशा झाला. पण शामरावजी हटेनात. अड्याळचा माणूस येऊनच राहिला आहे, असं त्यांनी सुनावलं. तेवढ्यात त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई जेवणाची टोपली घेऊन आल्या. सकाळपासून त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. टोपली उतरवून ठेवत त्या शांतपणे म्हणाल्या, "त्या दोन बांध्या माह्या नावानं हायेत."

"मंग?" शामरावजी म्हणाले.

"सातबाऱ्यावर माहं नाव हाय. तुमीच टाकलं, तुमच्या कामासाठी. आता माह्या बांधीत कोन रोवंल ते मी सांगतो. वंदना रोवंल. रेट अड्याळवाल्याले जो, तोच."

शामरावजींनी गमछा सोडला, पुन्हा बांधला. बायकोकडे असं पाहिलं जसं बसमधल्या अनोळखी माणसाकडे बघतात, आणि मग त्यांच्या मिशीखाली हसू आलं. "घ्या," ते म्हणाले. "मालकीनबाई बोलल्या."

झाडाखाली जेवायला बसलो. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वास्त्यांची (बांबूच्या कोवळ्या कोंबांची) भाजी आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा. ठेच्याने माझे डोळे वाहू लागले आणि कुणाला वाटलं मी भावुक झाले. दोन्ही खरं होतं. वंदनाने सिंधूबाईंच्या पानात भाजी वाढली आणि म्हणाली, "मावशी, तुमचं म्हननं खरं हाय. खुर्ची एकच हाय. पन मांगं दोन हायेत. अन् वावर तुमाले मालूम हाय, मले नाई."

सिंधूबाईंनी घास संपवला. "माह्यानं खुर्चीत बसनं होत नाई आता. माह्या सुनेले शिकव. टोळीतल्या आनखी एकीले. गटात नाव घाला. ते होत असन तं बोल."

"होते."

"लिवून देशीन?"

"लिवून देतो."

सगळं सुटलं असं मी म्हणत नाही. आठांपैकी दोघींची सोय झाली, सहा जणींचं काय, हे त्या झाडाखाली कुणालाच ठाऊक नव्हतं. पण अड्याळचा माणूस दुपारी आला, बांधी पाहिली, सिंधूबाईंना विचारून झिऱ्याची जागा बघून गेला, आणि दोन दिवस आम्ही शकुंतलाबाईंच्या बांध्या रोवल्या. त्या स्वतः धुऱ्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या.

परतीच्या गाडीत, वर्ध्याच्या अलीकडे, समोरच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही काय करता?"

आमचं सायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. सव्वीस वर्षं सकाळी नऊला शटर मी उघडते. माल मी मागवते, कुठल्या सायकलला कुठला नट बसतो ते मला झोपेत सांगता येतं. आणि सव्वीस वर्षं या प्रश्नाला मी एकच उत्तर देत आले आहे: यांच्या दुकानात बसते.

तोंड उघडलं, आणि निघालं ते वेगळंच. "दुकान चालवते," मी म्हटलं.

"कसलं हो?" त्या बाई पुढे सरकल्या.

मी बोलायला लागले. चेन, फ्रीव्हील, ब्रेकच्या तारा, सगळं. बडनेरा आलं तरी थांबले नव्हते.