प्रश्न उद्भवत नाही

चांदवडकरांच्या हातात कागद दिला की ते खिशातून लाल पेन्सिल काढत आणि मजकूर समजून घेण्याआधी विशेषणं खोडत. 'भयंकर', 'बेजबाबदार', 'अक्षम्य', सगळी आडवी. म्हणत, "विशेषण घातलंत की मंत्री सुटला. प्रश्न दारातच नामंजूर."

खासदारांनी मंत्र्यांना विचारलेले प्रश्न नियमात बसतात की नाही, हे तपासण्यात त्यांची दिल्लीतली सगळी नोकरी गेली होती. निवृत्तीनंतर दिल्ली सोडून ते इंदिरानगरात राहायला आले आणि द्वारका चौकाजवळच्या आमच्या खासदारसाहेबांच्या कार्यालयात दुपारी येऊन प्रश्न लिहून देऊ लागले, बिनपगारी. मी तिथे टायपिस्ट होते. प्रश्नाखाली आपलं नाव छापून आलं की साहेबांचं काम झालं. वर काय लिहिलंय, हे त्यांनी कधी वाचल्याचं मला आठवत नाही.

चांदवडकर मला नियम समजावत. आरोप नको, उपरोध नको, एकट्यादुकट्याचं गाऱ्हाणं नको, मंत्र्याचं मत विचारायचं नाही.

"मत का नाही विचारायचं?"

"असलं तर विचारणार ना, बाई!"

एकदा पेठकडचे हिरामण गावित आले. गावातला एकुलता एक सार्वजनिक फोन कित्येक महिने मुका होता. बायको बाळंतपणात अडली तेव्हा जीप मागवायला ते डोंगर उतरून शेजारच्या गावी पळाले. परत आले तेव्हा बायकोही नव्हती आणि मूलही. त्यांच्या अर्जात एकच वाक्य होतं: 'माझ्या जनाच्या मरणाला जबाबदार कोण?'

चांदवडकरांनी ते खोडलं. त्या जागी लिहिलं: पेठ तालुक्यातले किती सार्वजनिक फोन महिन्याहून जास्त काळ बंद आहेत, त्याची कारणं काय, ते कधी सुरू होणार.

गावितांनी कागद दोनदा वाचला. "यात माझी जना कुठं हाय?"

"तिला आत घेतलं, तर प्रश्न बाहेर राहतो," चांदवडकर म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या अधिवेशनात छापील उत्तर आलं. किती फोन बंद? एकही नाही. कारणं आणि मुदत? प्रश्न उद्भवत नाही.

"उद्भवत नाय म्हंजे?" गावितांनी विचारलं.

चांदवडकरांनी उत्तराचा कागद घडी करून खिशात घातला. दुसऱ्या सकाळी हा गुडघे धरून चालणारा माणूस पेठच्या एसटीत बसला. गावितांना बरोबर घेऊन चार दिवस पाड्यापाड्यांवर फिरला, प्रत्येक फोन कानाला लावून पाहिला आणि बंद फोनांच्या यादीवर सरपंचांच्या सह्या-अंगठे घेतले. मंत्र्याने सभागृहात चुकीची माहिती दिली, तर पुराव्यासकट दुरुस्ती मागता येते. हा नियम साहेबांना ठाऊकच नव्हता. चांदवडकरांनी पत्र लिहिलं, साहेबांनी न वाचता सही केली.

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, इतर कागदांच्या गठ्ठ्यात, मंत्र्यांची दुरुस्ती आली. माहिती 'अनवधानाने' चुकली होती. जना कशाने गेली, ते त्यात अर्थातच नव्हतं. पण फोन सुरू झाले. साहेबांनी द्वारकेच्या चौकात स्वतःच्या हसऱ्या फोटोचा बॅनर लावला.

महिन्याभराने साहेब आत आले, खुशीत होते. "चांदवडकर, त्या दुरुस्तीमुळे मंत्रीमहोदय जरा दुखावलेत. एक गोड प्रश्न काढा. खात्यानं ग्रामीण भागात काय काय प्रगती केली, असा. उत्तर त्यांच्याकडे तयारच आहे."

चांदवडकरांनी प्रश्न लिहिला. एका दमात, सुवाच्य अक्षरात. पेन्सिल खिशातून निघालीच नाही. कागद माझ्या टेबलावर ठेवून ते चपला घालू लागले.

मी वाचला, साहेबांनी मागितला तसाच गोड, आणि माझं डोकं सणकलं. "हा असला प्रश्न नियमात बसतो?"

"तंतोतंत बसतो, बाई," ते म्हणाले. "एक अक्षर खोडायला जागा नाही."

जिना उतरून ते गेले. त्यानंतर त्या कार्यालयाची पायरी ते चढले नाहीत. मी तो प्रश्न टाइप केला. पहिल्या फेरीतच मंजूर झाला.