लाल फुलीची तबकडी

माझ्याकडं दोन कपाटं भरून जुन्या रेकॉर्डी आहेत, आणि त्यांतली एकही मी दुकानदारानं सांगितलेल्या भावाला घेतलेली नाही. बेळगावातले भंगारवाले मला ओळखतात. मी दारात दिसलो की भाव आधीच चढवून सांगतात, म्हणजे मी पाडला तरी त्यांना परवडावं. मला ते कळतं, आणि मला कळतं हे त्यांनाही कळतं. तरी आम्ही अर्धा अर्धा तास भांडतो. भाव करता करता एकानं माझ्या आईवर शब्द नेला, तेव्हा मी त्याचा तराजू उचलून रस्त्यावर टाकला होता. पुढच्या आठवड्यात त्याचाच निरोप आला, नवीन माल आलाय, येऊन बघून जा.

गाजलेल्या गाण्यांच्या रेकॉर्डी मी घेत नाही. त्या सगळ्यांकडं असतात. मला चमत्कारिक माल आवडतो. पोपटाला बोलायला शिकवायची एक रेकॉर्ड आहे माझ्याकडं. तिच्यावर एक बाई अख्खी बाजूभर नुसतं 'या, बसा' म्हणत राहते. सुरुवातीला प्रेमानं, शेवटी शेवटी पाहुणा जाईल तर बरं अशा आवाजात. खताच्या पोत्याबरोबर फुकट मिळायची तसली, कागदासारखी पातळ एक आहे. तंबाखूला कोणतं खत कधी घालावं ते एक गृहस्थ सांगतात आणि मध्येच तोंड फिरवून खोकतात. एक व्यायामाची आहे. तिच्यावरचा मास्तर आकडे मोजताना सात दोनदा म्हणतो आणि तसाच पुढं जातो. रविवारी जेवण झालं की मी यातली एखादी लावतो आणि एकटाच हसतो. बायको म्हणते, मेलेल्या माणसांना घरात बोलवून बसवताय. तिचं चुकत नाही. तो खोकणारा माणूस कधीच गेला असणार. त्याचा खोकला माझ्या हॉलमध्ये अजून तसाच येतो, दर वेळी त्याच जागी.

लग्नाच्या गाण्यांची रेकॉर्ड मात्र मी कधी हातात घेत नव्हतो. त्याला कारण होतं.

आमच्या गावी, येळ्ळूरला, आमचा स्पीकर होता. आमचा म्हणजे माझा थोरला भाऊ, अण्णा, आणि मी, दोघांचा. दोन कर्णे, एक ॲम्प्लिफायर, बॅटरी आणि रेकॉर्डींची पत्र्याची पेटी. लग्न, बारसं, जत्रा, कुठंही सायकलवर घालून न्यायचो. मशीनवर अण्णा बसायचा. रेकॉर्डी आणायचं काम माझं, कारण भाव मला करता यायचा. मी विशीत होतो आणि त्या गोष्टीचा मला फार गर्व होता. निपाणीला बाजारपेठेत एक रेकॉर्डवाला होता. त्याच्याकडं माल चांगला, पण माणूस चिवट. आमच्या बहिणीच्या, आक्काच्या लग्नाच्या आधी मी त्याच्याकडून पाठवणीच्या गाण्याची एक छोटी रेकॉर्ड आणली. कधी रेडिओवर न लागलेलं गाणं होतं, कुणा अनोळखी बाईनं गायलेलं. पण आवाज असा की ऐकणाऱ्यानं हातातलं काम खाली ठेवावं. त्यानं सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावर मी ती मिळवली. इतक्या लवकर तो कधी उतरला नव्हता. घरी येऊन मी ही गोष्ट सगळ्यांना दोन दोनदा सांगितली.

आक्का आमच्या दोघांच्या मधली. तिला जांबोटीकडं दिली होती, रानातल्या गावात. अक्षता पडल्या, जेवणं उठली आणि पाठवणीच्या वेळी अण्णानं ते गाणं लावलं. मग तो तिची ट्रंक टेम्पोत चढवायला गेला. मी पाहुण्यांच्या मागं होतो. मशीनजवळ कुणीच नव्हतं. गाण्यात एका ओळीत 'थांब' असा शब्द होता. सुई तिथं अडकली. थांब, थांब, थांब. दोन्ही कर्ण्यांतून, साऱ्या गल्लीभर. आक्काचा एक पाय टेम्पोच्या पायरीवर होता, ती खरंच थांबली. आधी लोक हसले. मग म्हाताऱ्या बायकांनी हसायचं बंद केलं. अण्णा धावत येऊन सुई उचलेपर्यंत बराच वेळ गेला.

पुढच्या पावसाळ्यात आक्का पहिल्या बाळंतपणात गेली. ओढ्याला पाणी आलेलं, एस्टी आली नाही, घोंगड्याच्या झोळीतून तिला रस्त्यापर्यंत आणेतो उशीर झाला. हे सगळं धडधडीत खरं आहे. त्यात रेकॉर्डचा काही संबंध नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तेराव्याच्या दिवशी अण्णानं पेटीतून ती तबकडी काढली, माझ्यासमोर चुलीत घातली आणि सगळ्या भावकीदेखत म्हणाला, "तू कुठंतरी आपटलीस ती रेकॉर्ड. तुझ्या हातानं गेली आक्का."

मी ती आपटली नव्हती. जपून आणली होती, शर्टाच्या आत, पोटाशी धरून. मी म्हणालो, तूच पेटी उन्हात ठेवतोस, तूच खराब केलीस. मग आम्ही एकमेकांच्या अंगावर गेलो, लोकांनी सोडवलं. घरात जळक्या रबरासारखा वास भरला होता. त्याच दिवशी मी अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलो.

पिरनवाडीत खोली घेतली. जुने पाईप विकत घेऊन विकले, मग नवे विकले, मग दुकान टाकलं. कुणाच्या बापाचा पैसा घेतला नाही. कर्णे, पेटी, घर, सगळं अण्णाकडं राहिलं. आईवडील गेले तेव्हा स्मशानात मी त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि एक शब्द बोललो नाही. चाळीस वर्षं मी एकाच वाक्याची वाट बघत होतो. त्यानं म्हणावं, माझं चुकलं.

दोन वर्षांपूर्वी पिरनवाडीच्याच एका भंगारवाल्याकडून मी सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा उचलला. आत काय आहे ते न बघता, वजनावर भाव ठरवून. रविवारी दुपारी एकेक लावत होतो. एका छोट्या तबकडीवर लेबलच नव्हतं. लावली आणि चहाचा कप तोंडाला लावला. ती बाई गायला लागली. मी ओळखलं, पण ओळखलं हे मान्य करायला वेळ लागला. मग सुई अडकली. थांब, थांब, थांब.

त्याच शब्दावर, त्याच जागी. जी तबकडी मी चुलीत पडून वितळताना बघितली होती, ती माझ्या हॉलमध्ये फिरत होती. मला जळक्या रबराचा वास आला. खोटं वाटेल, पण आला. दारापलीकडं कुणीतरी एक पाय पायरीवर ठेवून उभं आहे असं वाटलं आणि मी दाराकडं बघितलं नाही. बायकोनं स्वयंपाकघरातून येऊन सुई उचलली. मला विचारलं, काय झालं? मी काही नाही म्हणालो आणि बाहेर जाऊन रस्त्यावर उभा राहिलो.

आठवडाभर मी त्या तबकडीला हात लावला नाही. दुकानात गिऱ्हाईक बोलत असलं तरी कानात तो शब्द चालू असायचा. मग एका सकाळी उजेडात नीट बघितली. ओरखडा कुठंच नव्हता. पण नखानं चाचपल्यावर एका जागी खसखशीच्या दाण्याएवढी पुटकुळी लागली. मी पाईपच्या धंद्यातला माणूस. साच्यात खोट असली की निघणाऱ्या प्रत्येक नगात तीच खोट येते, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणजे आमची तबकडी कुणी आपटलीच नव्हती. ती जन्मतःच तशी होती. मी निर्दोष होतो, आणि माझ्याकडं पुरावा होता.

पण एका नगावर अण्णा मानला नसता. दुसरी हवी होती. या तबकडीच्या कागदी पाकिटावर निपाणीच्या त्याच दुकानाचा शिक्का होता आणि कोपऱ्यात लाल पेन्सिलची फुली. मी निपाणीला गेलो.

त्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात. रेकॉर्डवाला वारला होता, मुलगा गल्ल्यावर बसला होता. माझ्याच वयाचा, बापासारखाच चिवट दिसणारा. मी पाकीट दाखवल्यावर तो हसला आणि माळ्यावरून धुळीनं भरलेला एक गठ्ठा काढला. तीच रेकॉर्ड, सात-आठ नग. सगळ्यांवर लाल फुली. मी बरोबर नेलेल्या प्लेअरवर दोन लावून बघितल्या. दोन्ही त्याच शब्दावर अडकल्या.

मी त्याला विचारलं, ही फुली कशाची?

"खराब मालाची," तो म्हणाला. "कंपनी परत घेत नव्हती. मग आमचे आप्पा ह्या बाजूला ठेवायचे. म्हणायचे, जो लई घासाघीस करंल त्याला ही द्यायची. त्योबी खूश, आपलाबी माल हलला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण जायचं कुणाच्या अंगावर? जो मेला त्याच्या? मला ती फुली स्वच्छ आठवली. आमच्याही पाकिटावर होती. मी तेव्हा तिच्यावर बोट ठेवून घरच्यांना सांगितलं होतं, बघा, भाव उतरवल्याची खूण केली त्यानं. इतक्या लवकर तो का उतरला, असा प्रश्न मला चाळीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. दुकानात गिऱ्हाइकाला जो प्रश्न मी रोज पडू देत नाही, तोच.

तरीही त्याच्याकडून एक रेकॉर्ड घेताना मी भाव केला. तो फुकट द्यायला तयार होता, मीच किंमत विचारली आणि मीच पाडली. तोंडाला सवय असते.

येळ्ळूरला जायला मला पुढं तीन महिने लागले. जाताना मनाशी पक्कं ठरवलं होतं. दोन्ही रेकॉर्डी वाजवायच्या, खोट कंपनीची आहे हे दाखवायचं, त्याच्याकडून ते वाक्य वसूल करायचं आणि उठायचं. फुलीचं बोलायची गरज नव्हती. पाकिटं मी घरीच ठेवली होती.

अण्णा बाहेरच्या सोप्यात बसला होता. वाळला होता. वहिनीनं मला बघून पदर सावरला, पाणी आणलं आणि माझ्या कानाशी म्हणाली, जोरात बोला, त्यांना आता ऐकू येत नाही. कर्ण्यांजवळ जन्म गेला त्याचा, त्याची ती किंमत. मी विचार केला नव्हता तो याच गोष्टीचा. ज्याला पुरावा ऐकवायचा त्याला कानच नव्हते.

मी प्लेअर काढून त्याच्यासमोर ठेवला आणि पहिली रेकॉर्ड लावली. तो सुईकडं बघत राहिला. मशीनवरचा माणूस, त्याला बघूनही कळतं. सुई अडकली, मागं आली, पुन्हा अडकली. त्याचा हात आपोआप पुढं आला आणि हवेतच थांबला. ओठ हलले. कुठलं गाणं आहे ते मी सांगितलं नव्हतं. मी ती काढून दुसरी लावली. सुई त्याच जागी अडकली. मग मी त्याचं बोट धरून त्या पुटकुळीवर ठेवलं, एकीच्या आणि दुसरीच्या.

त्यानं दोन्हींवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, "म्हंजे मी न्हाय?"

मला कळलं नाही. तो माझ्याकडं न बघता बोलत होता. "लग्नाच्या आदल्या दिवशी पेटी सायकलवरनं पडलती माझ्या हातनं. कुणाला सांगिटलं न्हाय. वाटायचं, त्यातच गेली रेकॉर्ड. माझ्यामुळं आक्का थांबली, माझ्यामुळं गेली. तेराव्याला भ्यालो आणि तुझ्यावर घातलं." मग त्यानं डोळे पुसले. "माझं चुकलं रं."

ज्या वाक्यासाठी मी चाळीस वर्षं झिजलो ते माझ्यासमोर पडलं होतं. उचलून खिशात घालायचं आणि घरी जायचं, एवढंच बाकी होतं. त्याच्या बाजूनं सौदा पुरा झाला होता. त्याला बाकीचं काही माहीत नव्हतं आणि कधी कळलंही नसतं. पण चाळीस वर्षं तो त्या पायरीवरच्या पायाकडं बघत बसला होता, माझ्यापेक्षा जास्त. मला ते खिशात घालवेना.

मी हळू म्हणालो, अण्णा, ती खराब होती म्हणूनच स्वस्तात मिळाली. त्यानं कानाला हात लावला. मी जरा मोठ्यानं सांगितलं. त्यानं पुन्हा मान हलवली. मग मला ओरडावंच लागलं.

"रेकॉर्ड खराब होती! दुकानदारानं खूण केलेली! स्वस्तात मिळाली म्हणून मी घेतली!"

समोरच्या घरातली बाई दारात आली. शेजारचा म्हातारा खुर्चीवरून वाकून बघायला लागला. वहिनी भिंतीला टेकून उभी होती. गल्लीत सगळ्यांना ऐकू गेलं, तेव्हा कुठं अण्णाला ऐकू गेलं.

प्लेअर चालूच होता. ती बाई थांब म्हणत होती, आणि सोप्यात माझ्याशिवाय कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं. अण्णा कपाळाला आठ्या घालून विचार करत होता. मला वाटलं, आता हा पुन्हा अंगावर येणार, आणि आला तर मी हात उचलायचा नाही, एवढं मी ठरवलं.

"कितीला दिलीती त्यानं?" त्यानं विचारलं.

मी निम्म्याची खूण म्हणून बोट दुमडून दाखवलं.

त्यानं माझ्या त्या बोटाकडं बघितलं. "एवढ्याला तर मीबी घेटली असती," तो म्हणाला, आणि हात पुढं करून त्यानं सुई उचलली.