सासऱ्यांचे आठ बळी

आमच्या मेहुण्यांइतका सत्यप्रिय आणि तापदायक माणूस अख्ख्या बडोद्यात दुसरा नसेल. हे वाक्य त्यांच्यासमोर म्हटलं तर ते लगेच विचारतील, "संदर्भ काय?" घरोघरी ब्रॉडबँड आलं त्या वर्षांत त्यांना इंटरनेटवरच्या एका फुकट ज्ञानकोशाचा नाद लागला. कोणीही लिहावं, कोणीही खोडावं असा तो कारभार. त्यात मेहुणे आकडेवारीच्या लेखांचे बिनपगारी राखणदार झाले. छापील पुरावा नसलेला आकडा दिसला की खोडलाच. नागपूरचा एक तसाच स्वयंसेवक त्यांना भेटला, तोही पडद्यावरच. कुठल्याशा गावाच्या लोकसंख्येवरून दोघे महिनाभर एकमेकांना 'आदरणीय' म्हणत भांडले. अलकापुरीतल्या एका दुकानावर 'गुजरातमध्ये सर्वांत स्वस्त' अशी पाटी पाहून त्यांनी पुरावा मागितला, तेव्हा दुकानदार हात जोडून म्हणाला, "साहेब, शर्ट लेवुं छे के परीक्षा लेवी छे?" वहिनींनी त्यांचं पोट सुटल्याचं सांगितलं, तर म्हणाले, "हे तुझं स्वतःचं संशोधन. आमच्याकडे चालत नाही."

पण एकदा हा नियम घरावरच उलटला. माझे सासरे, म्हणजे मेहुण्यांचे वडील, तरुणपणी एका क्लबकडून क्रिकेट खेळत. एका डावात आठ बळी घेतल्याची त्यांची गोष्ट आमच्या हरणीच्या सोसायटीत वॉचमनलाही पाठ होती. कुणा भाच्याने ती त्याच ज्ञानकोशात, बडोद्यातल्या स्थानिक विक्रमांच्या यादीत टाकली, आणि सासरे रोज संध्याकाळी चष्मा पुसून स्वतःची ओळ वाचू लागले. मग नागपूरकरांनी विचारलं, "संदर्भ?" आम्ही सगळे म्हणालो, राहू द्या हो. मेहुण्यांनी स्वतःच्या हाताने ती ओळ खोडली.

"अरे, ते चेंडू मीच टाकले ना?" सासरे म्हणाले.

"बाबा, तुम्ही छापील नाही."

सासरे हसले, पण त्यानंतर कॉम्प्युटरकडे फिरकले नाहीत. मेहुणे मात्र दर रविवारी ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांची धूळ खात बसू लागले. बातमी हाती लागायच्या आत सासरे गेले. तरी मेहुण्यांचा रविवार चुकला नाही.

मग एका दिवाळीत ते मला गच्चीवर घेऊन गेले. बातमी सापडली होती. त्यात बळी पाच होते.

"मग, लिहिलंत?" मी विचारलं.

"छे. त्या काळी वर्तमानपत्रं काहीही छापायची," ते कठड्याकडे बघत म्हणाले. "आठच होते. बाबा कशाला खोटं सांगतील?"

इतक्या वर्षांत मला त्यांच्याविषयी एवढी माया कधी वाटली नव्हती. संदर्भ मी विचारला नाही.