बटाट्याची प्लेट

त्या कुलपाचा मला अजून राग येतो. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात डॉक्टर होऊन पुढं मायक्रोबायॉलॉजी शिकत होते. यीस्ट नावाची बुरशी वाढवायला लागणाऱ्या साबुरो माध्यमाची एकुलती एक बाटली आमच्या विभागप्रमुख सरांच्या कपाटात कुलूपबंद असायची. ती होती इन्स्पेक्शनला आलेल्यांना दाखवण्यासाठी! पेशंटचे स्वॅब सरसकट ब्लड अगारवर, म्हणजे रक्त घातलेल्या जेलीच्या प्लेटवर पसरायचे, दुसऱ्या सकाळी ठळक काही दिसलं नाही की ‘वाढ नाही’ असं लिहायचं आणि प्लेट उकळत्या पाण्यात टाकायची. यीस्टला जरा सवड लागते, हे आम्हाला शिकवायचे सरच, आणि प्लेट फेकायला लावायचेही तेच.

मैंदर्गीची एक लेक इथल्या गिरणी कामगाराच्या घरी दिली होती. अंगावरून पांढरं जायचं, खाज थांबत नव्हती आणि रिपोर्ट दर वेळी ‘वाढ नाही’. सासू व्हरांड्यात सगळ्यांदेखत म्हणाली, “तपासून बी घावत न्हाय, म्हंजे हिनं भायेरनं आणलंय की. हिला म्हायेरी धाडायची आता.” पोरगी पदराचं टोक पिळत उभी. माझं डोकंच फिरलं.

तिचा ताजा स्वॅब मी मायक्रोस्कोपखाली पाहिला. कोंब फुटलेल्या गोल पेशी, म्हणजे यीस्टच. सर म्हणाले, “दिसलं म्हणजे सिद्ध झालं नाही. प्लेटवर वाढवून कल्चर दाखवा.”

“मग बाटली द्या, सर.”

“ती इन्स्पेक्शनची आहे.”

म्हटलं, राहू दे तुमची बाटली. हॉस्टेलच्या स्वयंपाकघरातून बटाटे आणले, उकडून पाणी गाळलं, त्यात ग्लुकोज आणि अगार घालून ऑटोक्लेव्हमध्ये दाबाच्या वाफेवर निर्जंतुक केलं आणि प्लेटमध्ये ओतलं. तोच स्वॅब ब्लड अगारवर आणि बटाट्यावर पसरला आणि दोन्ही प्लेटांवर ‘हात लावू नये’ असं लिहून ठेवलं. दुसऱ्या सकाळी ब्लड अगारवर जेमतेम टाचणीच्या टोकाएवढे ठिपके होते. हेच आम्ही आजवर फेकत आलो होतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी बटाट्यावर सायीच्या रंगाचे गुबगुबीत ठिपके उठले. मायक्रोस्कोपखाली पाहिलं, त्याच पेशी. मला नाचावंसं वाटलं.

“भाजीवरचा रिपोर्ट माझ्या विभागातून जाणार नाही,” सर म्हणाले.

“माझ्या सहीनं जाईल.”

“तुमची परीक्षा माझ्याच हातात आहे.”

“असू द्या.”

सही करून मी व्हरांड्यात गेले. सासूला वाचता येत नव्हतं, म्हणून रिपोर्ट वाचून दाखवला आणि सांगितलं, “हे यीस्ट आहे. लग्न न झालेल्या मुलीलाही होतं. औषधानं जातं.”

“पर आलं कुटनं?”

“कुठनं येतंय? माणसाच्या अंगातच असतं. तुमच्याही असेल.”

पोरीनं पहिल्यांदाच मान वर केली.

“बाई, अजून एकदा वाचा की,” ती म्हणाली. “मोठ्यानं.”

मी वाचलं, पार सरांच्या खोलीत ऐकू जाईल असं.